सायबिणीचा उजळा

फादर : नको, चहा नको. आंबोलीच्या घाटात गाडी लागली मला.

शिवांजली : शिरोळच्या आत्याच्या परसात पाणी आलंय. म्हशी माळावर नेल्यात.

सिद्धराम : रिठं रात्री भिजत घालायचं. उकळायचं न्हाय.

फादर : फर्मान पुन्हा पुन्हा काढावं लागलं. म्हणजे पुन्हा पुन्हा कोणी ऐकलं नाही.

शिवांजली : ह्या फोटोखाली बसून मी दहावी केली.

सिद्धराम : बाईचं वय मी तोंडाकडं बघून सांगत न्हाय.

(वरची सुटी वाक्यं ह्याच भेटीतली. हुपरी, ऑगस्ट २००५. चांदीच्या कारखान्याची पुढची खोली, लाईट गेलेली. सिद्धराम, त्याची मुलगी शिवांजली, आणि गोव्यातल्या एका जुन्या बासिलिकेचे, म्हणजे मोठ्या चर्चचे, फादर मिनीन. भिंतीवर चकचकीत चांदीच्या पत्र्याचा मोठा रंगीत फोटो. टेबलावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड.)

फादर : …तर मी त्यांना स्पष्ट म्हटलं, दुसऱ्या कोणाकडे हे काम देणार नाही. वेदीच्या पुढचे चार पत्रे चौऱ्याण्णव साली सिद्धरामशेटनी केले, उरलेले चारही तेच करणार. मध्येच माझी बदली झाली, म्हणून राहिलं. आता देवानं मला परत तिथंच पाठवलं, ते ह्याच्याचसाठी.

सिद्धराम : शेट नका म्हणू हो, फादर. आम्ही कामगार माणसं.

फादर : आमच्याकडे सोनाराला शेटच म्हणतात.

शिवांजली : म्हणू द्या की, आप्पा. हुपरीत तर कोण म्हणत न्हाय.

फादर : आणि ही मुलगी? त्या वेळी तुम्ही सांगत होता, ती ही? काम करते?

सिद्धराम : माझा हात कापतोय आता. बफवर, घासायच्या मोटरवर, तीच बसत्या.

शिवांजली : गाव बोलतंय की! सिद्धरामाची पोरगी मोटरवर बसत्या म्हणून. घराघरांत बायका पैंजणाच्या कड्या जोडतात, घुंगरं भरतात, ते कुणाला दिसत न्हाय. मोटरचं बटण दाबलं की दिसतंय.

फादर : बरें! मग ह्या पत्र्याला बाईचाच हात लागू दे. सायबिणीचाच आहे, म्हणजे मारिया मातेचा. सप्टेंबरच्या आठ तारखेला तिच्या जन्माचा सण, फेस्त. तोवर एक जरी झाला ना, तरी लोक मला खांद्यावर घेतील.

शिवांजली : होईल की. लाईट आली की लगेच धरते.

सिद्धराम : लगेच कसं? रिठं भिजवायला पाहिजे.

शिवांजली : भिजवलंय कालच.

सिद्धराम : ते पैंजणाला. हे देवाचं काम हाय.

शिवांजली : देवाचंच करतो की आपण. नवरात्राच्या आधी आख्ख्या जिल्ह्यातल्या देवांची चांदी इथंच येतीया. प्रभावळी, टोप, छत्र्या. तुम्हीच म्हणता, देवाचं काळं ठेवलं तर लोक पुजाऱ्याला शिव्या घालतात.

फादर : तेच! अगदी तेच. त्या फेस्ताला मेणबत्त्या पेटवल्या आणि चारही पत्रे असे झगझगले की काय सांगू. एक म्हातारी माझा हात धरून म्हणते, फादर, सायबिणीत मला माझं तोंड दिसलं.

सिद्धराम : तिचं तोंड.

फादर : हो! रडत होती बिचारी आनंदानं.

सिद्धराम : पत्रा पातळ असणार, फादर. जुनी चांदी. पहिल्यासारखा राहिला नसंल.

शिवांजली : बघितल्याशिवाय? सोडा की ते कापड. आप्पा, तुम्हाला झालंय काय आज? आल्यापासून त्यांना नुसतं घाटाचं इचारताय.

फादर : थांब, मी सोडतो. हे बघ. सावकाश… हां.

शिवांजली : अगंबाई. काळाकुट्ट झालाय की. दोन बायका गळ्यात पडल्यात.

फादर : ही तरुण आहे ती मारिया. पोटुशी आहे. ही वयस्क, तिची नात्यातली, एलिझाबेथ. तिला म्हातारपणी दिवस गेले. तर ही पोर ती बातमी ऐकून डोंगर ओलांडून तिला भेटायला आली.

शिवांजली : पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्यागत.

फादर : तसंच काहीसं. ह्यापुढच्या पत्र्यात गोठा आणि बाळ. आठ पत्र्यांत तिचा सगळा जन्म आहे. तीनशे-सव्वातीनशे वर्षांपूर्वीचं काम. मी आता बासिलिकेची छोटी पुस्तिका लिहितोय, मराठीत आणि कोंकणीत. वेदी कोणी दिली, घंटा कुठून आली, सगळं मिळतं. पण हे ठोकलं कोणी, त्याचं नाव कुठेच नाही.

शिवांजली : पोर्तुगालहून आणलं असंल.

फादर : नाही गो. ही पानं बघ, ही केळ. पोर्तुगालात केळी कुठली? इथल्याच शेटांचं काम. हिंदू सोनार. आणि गंमत म्हणजे त्या काळी फर्मान होतं, हिंदू कारागिरानं आमच्या मूर्ती, आमची चित्रं करायची नाहीत. पाद्री त्यांच्याकडूनच करून घ्यायचे आणि वर फर्मानही काढायचे.

शिवांजली : म्हणजे ह्यानं चोरून केलं?

फादर : चोरून किंवा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कोणाला ठाऊक? पण नाव कसं घालणार?

शिवांजली : बॅटरी द्या, आप्पा. आणि भिंग. रेघ किती बारीक हाय बघू. त्यावर ठरंल कुठला बफ लावायचा.

सिद्धराम : अंधारात काय बघतीस? लाईट आल्यावर बघ.

शिवांजली : बॅटरीत जास्त कळतंय, तुम्हीच शिकवलंय. आडवी धरायची. …लुगड्याच्या निऱ्या झकास हायत. बोटं बघा, एकेक नख काढलंय. फादर, ह्या बाया अनवाणी कशा?

फादर : पवित्र माणसं अनवाणीच दाखवतात.

शिवांजली : अनवाणी न्हाईत पण. आप्पा! जोडवी हायत.

फादर : काय आहे?

शिवांजली : जोडवी. पायाच्या बोटात. लग्न झालेल्या बाईनं घालायची. आम्ही तीच करतो की, दिवसाला ढीगभर. ह्या इथं, हे काळं गेलंय ना रेघेत, त्याच्यामुळं दिसतंय. दोन वेढ्यांची हायत. पोरीची आणि म्हातारीचीबी. म्हातारीची बघा, खालनं झिजलेली काढलीत. वापरून वापरून झिजतात तशी. ह्या बाबानं काय नजर ठेवली हो!

फादर : दाखव. कुठे? भिंग दे. अरे सायबा. अरे माझ्या सायबा! मी इतकी वर्षं ह्याच्यासमोर मीस, आमची प्रार्थना, म्हणतोय. सायबिणीच्या पायात जोडवी!

शिवांजली : आप्पा, बघा की.

सिद्धराम : दिसतंय मला इथनं.

शिवांजली : न बघता? थांबा, मग त्या चारांतबी असणार. हा फोटो कितव्याचा?

फादर : चौथ्याचा. देवदूत येऊन तिला सांगतो, तुला मूल होणार.

शिवांजली : फोटो चांगला मोठा हाय. …हां, हे पाय. बोटं हायत. नखं अर्धी हायत. जोडवी न्हाईत.

फादर : नीट बघ.

शिवांजली : नीटच बघतीया. पाय गुळगुळीत. आप्पा, ह्यात का न्हाईत?

सिद्धराम : कोरली नसतील.

शिवांजली : एकात कोरतोय आणि एकात न्हाय?

सिद्धराम : प्रत्येक पत्रा सारखा कुठं असतोय? मला काय माहीत? अव्वा चहाला हाक मारत्या बघ.

शिवांजली : अव्वा मळ्यात गेल्या.

फादर : थांबा, थांबा. कोरली नव्हती? तुम्ही तर पत्रा हातात घेऊन काम केलंत. तुम्ही सांगता चौथ्यात नव्हती. आणि पहिल्या तिनांत?

सिद्धराम : ध्यानात न्हाय. नसतील.

फादर : म्हणजे कारागीर बदलला! शेट, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? चार पत्रे एकाचे, चार दुसऱ्याचे. पहिला मेला असेल किंवा पळून गेला असेल. मग दुसरा आला, आणि त्यानं ही खोडी केली. मुलगी, तुझ्याकडे पेन आहे? सांग, जोडवी म्हणजे नेमकं कुठल्या बोटात?

शिवांजली : अंगठ्याशेजारच्या. पण फादर, निऱ्या तर दोन्हींत सारख्याच वाटतात मला.

फादर : शिष्य असेल. गुरूचा हात उचलला असेल. पण गुरू होता फर्मान पाळणारा. सांगितलं तेवढंच करणारा, भित्रा माणूस. शिष्य धीट निघाला. पुस्तिकेत ह्याला वेगळं पान देणार मी. पहिला भित्रा शेट आणि दुसरा जोडव्यांचा शेट. लोकांना गोष्ट आवडेल.

सिद्धराम : भित्रा लिवू नका.

फादर : आं?

सिद्धराम : भित्रा नव्हता तो.

फादर : पण तुम्हीच म्हणता—

सिद्धराम : दोघं नव्हतं. एकच माणूस हाय. चौथ्यात जोडवी होती, फादर. मी बघितलीत.

शिवांजली : मग गेली कुठं?

सिद्धराम : तू इचारतीस? बफवर तू बसतीस.

शिवांजली : …आप्पा.

सिद्धराम : केसाएवढी रेघ. काळं निघालं तशी तीबी निघाली. आमच्या हातात देव आला की आम्ही उजळतो. बापानं तेच केलं, मी तेच केलं. प्रभावळ आणा, टोप आणा, तेजाब, रिठं, बफ, द्या पांढरा करून. प्रभावळीला काय होत न्हाय, तिची नक्षी बोटभर खोल असतीया. ह्याची न्हवती.

फादर : कधी कळलं तुम्हाला?

सिद्धराम : पहिल्या पत्र्याला.

शिवांजली : पहिल्यालाच? आणि मग पुढचं तीन केलं?

सिद्धराम : एक पांढरा आणि बाकीचं काळं कसं ठेवायचं? मी तसा बसलोय, मोटर बंद करून, तवर फादर आत आलं. म्हणालं, अहो शेट, आरसा केलात की! दुसरा हळू धरला. तिसरा त्याहून हळू. हळू धरला तरी चांदी जातीयाच की.

शिवांजली : आणि हा फोटो भिंतीवर लावला. गिऱ्हाईक आलं की दाखवता, गोव्याचं काम. मी मैत्रिणींना दाखवला हो. त्या पोरीच्या पायाला बोट लावून सांगायची, माझ्या आप्पानं केलंय हे.

सिद्धराम : फोटो फादरनी पाठवला होता. तुझ्या अव्वानं काच बसवून आणली. काय म्हणून नको म्हणू?

शिवांजली : तुमच्या गळ्यात लिंग हाय. त्याच्यावर काळा लेप हाय. उद्या कोण म्हणालं, सिद्धरामा, तुझा देव काळा पडलाय, आण इकडं, उजळून देतो. तर काय कराल?

सिद्धराम : हात तोडीन त्याचा.

शिवांजली : मग?

सिद्धराम : मग काय? कापतोय की हात.

फादर : पुरे, मुली. त्यांना एकट्याला धरू नकोस. आरसा करा असं सांगितलं कोणी? मी. आमचा पेद्रू, घंटा वाजवायचा तो, आता वारला. तो मला म्हणाला होता, फादर, आमच्या बापजाद्यांनी पुसलं नाही ते तुम्ही का पुसता? मी त्याला म्हटलं, तुझे बापजादे आळशी होते. सगळे हसले. तोही हसला बिचारा. नोकरीच होती त्याची.

शिवांजली : हसला व्हय.

फादर : आणि आज मी काय करत होतो? डिकीत सायबिणीला घालून घाट चढलो, आणखी एक आरसा करून घ्यायला. मी रोज लोकांचं पाप ऐकतो आणि माफ म्हणतो, शेट. हे कोणी कोणाला माफ करायचं, मला समजत नाही.

सिद्धराम : माफीसाठी न्हाय सांगितलं, फादर. तुम्ही पुस्तकात लिवणार होता, पहिला भित्रा. छापलं की झालं. सव्वातीनशे वर्षं त्या माणसाला नाव न्हाय, आणि आता मिळणार ते हे. माझ्यामुळं.

फादर : मग मला सांगा. तुम्ही काय काय पाहिलंत ते सांगा. तुमच्याशिवाय आता कोणाला ठाऊक नाही.

सिद्धराम : दुसऱ्यात ती लहान पोर हाय, देवळाच्या पायऱ्या चढत्या. तिच्या पायात पैंजण. एकेरी, पोरीबाळींचं असतंय तसं. घुंगरू मागच्या बाजूला.

फादर : हो, पायऱ्या आहेत. पायात आता काही नाही.

सिद्धराम : तिसऱ्यात लग्न. तिथं पाय मोकळं.

शिवांजली : पैंजण काढलं?

सिद्धराम : काढलं. जोडवी अजून घालायची हायत. लग्न चाललंय न्हवं? आमच्यात कसं, मांडवात बसत्या तवा पाय मोकळा असतोय, मग जोडवी चढवतात. मला ते बघून हसू आलं होतं. म्हटलं, हा आपल्यातला हाय. आणि चौथ्यात, तो देवदूत आला तवा, जोडवी. नवी कोरी. दोन वेढ्यांची, ह्यात हायत तीच.

शिवांजली : म्हणजे तोंड तुमच्या लोकांनी सांगितलं तसं केलं, फादर. आणि पायावरनं त्यानं आपली गोष्ट सांगितली.

फादर : आणि मी पाय कधी बघितलेच नाहीत. गुडघे टेकून बसलो की पाय बरोबर डोळ्यांसमोर येतात, तरीही. …आणि पहिल्यात? तिच्या जन्माचा पत्रा. पहिल्यात काय होतं, शेट?

सिद्धराम : शिवे, ते कापड दे इकडं. धूळ बसत्या पत्र्यावर.

फादर : बरं. राहू दे.

शिवांजली : आप्पा, मी कोरून दिली तर?

सिद्धराम : काय?

शिवांजली : त्या चारांत. जोडवी माझ्या हातनं रोज होतात. ह्या पत्र्यावरनं बघून तस्सं वेढं काढीन. पैंजणबी काढीन, तुम्ही शेजारी बसून सांगा. रेघ काळी करता येती गंधकानं.

फादर : होईल तसं? अगदी तसंच?

सिद्धराम : होईल. लई झकास होईल. हिचा हात माझ्यापेक्षा चांगला हाय.

फादर : मग—

सिद्धराम : मग ती हिची जोडवी की. लोक हिचं बघतील आणि त्याचं म्हणतील. मी पुसलंय एवढं तरी खरं राहू दे.

शिवांजली : तुम्हाला बरं वाटंल म्हणून म्हणाले मी.

सिद्धराम : कळलं मला. म्हणूनच नको.

फादर : पण फेस्ताला लोक विचारतील. चार पांढरे, चार काळे. म्हणतील फादर हुपरीला जाऊन वडे खाऊन आले.

शिवांजली : वडे कुठं? चहाबी घेतला न्हाई तुम्ही.

फादर : तेही खरं. काय सांगू त्यांना?

सिद्धराम : पुस्तकात लिवा. पहिले चार पत्रे हुपरीच्या सिद्धरामानं पुसले.

शिवांजली : आप्पा! नाव घालून?

सिद्धराम : मग? त्याचं नाव गेलं ते गेलं. पुसणाऱ्याचं तरी राहू दे.

शिवांजली : कारखाना आता माझ्या अंगावर हाय, आप्पा. त्यावर तुमचं नाव हाय.

सिद्धराम : व्हय. हाय. तुला आधी इचारायला पाहिजे होतं. इचारतो. लिवू दे का?

शिवांजली : …अव्वाला मी सांगणार न्हाय. तुम्ही सांगायचं.

सिद्धराम : सांगतो.

शिवांजली : मग लिवा, फादर.

फादर : लिहितो. आणि तिथंच लिहितो, फादर मिनीन ह्यांच्या सांगण्यावरून. त्याशिवाय नाही.

शिवांजली : लाईट आली. …अगं आई, मोटर सुरू झाली! बटण चालूच राहिलं होतं.

सिद्धराम : बंद कर. शिवे, आधी बंद कर ते!

शिवांजली : केली, केली. ओरडू नका.

सिद्धराम : पत्रा उचला, फादर. दोन्ही हातांनी. असा न्हाय, तोंड आत करा. कापड दुहेरी घ्या. हात लावला की पुसू नका. नुसतं गुंडाळून ठेवा.

फादर : माझ्यानं आता धरवत नाही. तुम्हीच ठेवा गाडीत.

सिद्धराम : शिवे, तू ठेव.

शिवांजली : आणा, मी ठेवते. ड्रायव्हरला उठवा. कवाधरनं घोरतोय.

फादर : देव बरें करूं, मुली.

शिवांजली : गडहिंग्लजवरनंच जावा. आणि अंधाराच्या आत आंबोली गाठा, धुकं उतरतंय. …फोटो काढू का भिंतीवरचा, आप्पा?

सिद्धराम : राहू दे.

शिवांजली : गिऱ्हाईकानं इचारलं तर?

सिद्धराम : पाय दाखव.

*

सिद्धराम : पहिल्या पत्र्यात पाळण्यात पोरगी होती. तिच्या पायात वाळे होते.